बारा एकतीस

तेरा मे. धनकवडी. गच्चीचा तवा झालेला.
टाकीशेजारी शर्वरीने
पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा केला
आणि बाराच्या ठोक्याला वैतागली :
"आहे की अजून!"

असणारच.
घड्याळ मिर्झापूरचं, सूर्य धनकवडीचा.
आपली खरी दुपार
अर्धा तास मागून येते.

दिल्लीच्या मावसभावाला
तिने सकाळीच कळवलंय :
तुमच्याकडे हे कधीच होत नाही.
वर्षातून एकदाही नाही.
(पुण्यात दोनदा. पण जुलैअखेर ढग.)

बारा वीस : बोटभर.
बारा अठ्ठावीस : नखाएवढी.
मग नुसताच पाइप.

बेलसरे आजोबांनी छत्री मिटली.
"गेली कुठे गं?"

शर्वरीने चपलांसकट उडी मारली.
ती वीतभर हवेत असताना
दोघांनाही दिसली,
फरशीवर, तिच्या बरोब्बर खाली,
पकडली गेल्यासारखी.