कामाचे स्वरूप

सव्वाअकराला तो सुपारी आणायला जायचा.
तेवढी आठ मिनिटं सगुणाबाईंची.

मी टिंबर मार्केटकडून यायचो,
गळ्यात मशीन, खिशात सुट्टे, कॉलरवर सागाचा भुसा.
पोरं ओरडायची, पिग्मी आला, पिग्मी!
माझं नाव देशमाने.
एकोणीस वर्षांत भवानी पेठेत ते
दोघांनाच ठाऊक होतं,
एक पोस्टमन, दुसरी ती.

वखारीतले पांचाळ पन्नास द्यायचे, वर न बघता.
हमीदाआपा तीस, नाहीतर "उद्या डबल",
आणि उद्या खरंच डबल.
किल्लीवाला इसाक पावत्या तारेत ओवायचा.
सगुणाबाई वीस.
नोट चार घड्यांची, बशीखालून सरकणारी, कडेला ओली.
पावती नको म्हणायची.
"कागद घरी गेला की बोलायला लागतो, भाऊ."

एकदा तो लवकर परतला.
रोज काय असतं यांचं इथं?
चहा असतो, ती म्हणाली,
आणि त्या दिवसापासून मला रोज चहा प्यावा लागला.
साखरेचा आजार माझा तिला कुणी सांगितला, कोण जाणे.
न विचारता बिनसाखरेचा यायचा.
पाच रुपये मी द्यायचो.
वीस न्यायचे, पाच ठेवायचे,
हे कुठल्या खात्यात लिहितात
ते पतसंस्थेत मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग रस्ता रुंद झाला.
टपरी होती तिथे निळा पत्रा,
पत्र्यामागे खड्डा,
खड्ड्यात टोपी घातलेली परप्रांतीय पोरं.
कुठे गेली?
हडपसरला, म्हणाले पांचाळ.
छे, वारज्याला, मुलाकडे, इसाक म्हणाला.
हमीदाआपा म्हणाल्या, बाई गेली तर जाऊ दे,
तिचे पैसे कुठायत ते सांग.

पैसे होते.
बेचाळीस हजार तीनशे, आणि वर व्याज.
पावत्या होत्या, बिस्किटाच्या डब्यात, सात वर्षांच्या.
डबा उघडला तर सगळ्या कोऱ्या.
मशीनची शाई अशीच, हवेनं उडते.
दोन हजारांवर पांढऱ्या चिठ्ठ्या,
माझ्याशिवाय कुणाला न वाचता येणाऱ्या.

म्हणून या वयात उलटा फिरतोय.
आयुष्यभर दारं वाजवली, घेण्यासाठी.
देण्यासाठी वाजवायचं
तर बोट बेलपाशी थांबतं.
वैदुवाडीत दोन रविवार गेले.
वारज्यात एका सगुणानं दार उघडलं, ती शिंपीण निघाली,
ब्लाउज टाकायचाय का म्हणाली.
शेवटी धायरीतला पत्ता मिळाला, इसाकच्या भाच्याकडून.
तो तिथे गॅस पोचवतो.

गेटवर वही.
वरच्या ओळींत दूध, कुरिअर, पिझ्झा, पाण्याचा जार.
नाव, गाडी नंबर, कोणाकडे.
शेवटचा रकाना, कामाचे स्वरूप.
पेन दोरीला बांधलेलं, दोरी आखूड.
मी वाकून लिहिलं, देणे.
वॉचमननं वाचलं, "उधारी का?"
हो म्हटलं. सोपं पडलं.

चौथा मजला. बेल.
दार त्यानं उघडलं.
बनियन, हातात अडकित्ता.
टपरीवर ओळखणारा माणूस
जिन्यात ओळखत नाही.
कोण पाहिजे?

चेक आतल्या खिशात, तिच्या नावाचा.
एकोणीस वर्षं प्रत्येक उंबऱ्यावर
जो शब्द आपसूक बाहेर पडायचा
तो गिळला.
चुकलो, म्हणालो. मजला चुकला वाटतं.

वळत होतो.
आतून भांडं गॅसवर ठेवल्याचा आवाज,
आणि मग ती, कुणालाच न उद्देशून,
"साखर नकोच ना?"

भिंतीवर घड्याळ होतं.
पावणेअकरा.
सुपारीला अजून अर्धा तास.