झोल

सोहार बंदर. चाळीस मीटर वर
क्रेनची केबिन, पायाखालीही काच,
त्याखाली लोंबणारा कंटेनर.

पहिल्या वर्षी झोल आला की
मी लिव्हर मागे खेचायचो.
तो आणखी उसळायचा.
बलुची उस्ताद शेरदिल म्हणायचा,
भांडू नको त्याच्याशी. जा त्याच्यामागे.
टोकाला तो क्षणभर थकतो,
तेव्हा बरोब्बर त्याच्या डोक्यावर ये.

अकरा वर्षं झाली.
एक खोका कुणाच्या अंगावर गेला नाही.

काल निनादने फोनवर सांगितलं,
डिप्लोमा सोडलाय, फेब्रुवारीतच.
फी मी मेपर्यंत पाठवत होतो.
मी काय काय बोललो ते
शेजारच्या खाटेवरच्या मल्याळ्यालाही कळलं असावं;
त्याने उठून गुपचूप दिवा घालवला.

आज वारा आहे.
खालून सिग्नलवाला हात उभा धरतो.
थांबतो.
हे हात थांबतात की!

जेवणाच्या सुट्टीत लिहिलं,
रागावलोय. अजून आहे.
ते पुसलं नाही.
खाली आणखी एक ओळ:
फेब्रुवारीपासून दिवसभर असतोस कुठे?
जेवतोस कुठे?

दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

पुन्हा वर आलोय.
लिव्हरवर हात नुसता ठेवून
टोकाची वाट बघतोय.