तार्तू, खोली क्रमांक चार

यंत्राच्या पोटात लेलो आडवी.
हलायचं नाही, बजावलंय तिला.
डोळ्यांवरच्या आरशात फक्त ऊर्मासचा हात,
शेजारच्या खोलीतला,
आणि त्यावर उतरणारी सुई.

दर टोचणीला माझ्या पडद्यावर
तिच्या मेंदूतलं खोल दडलेलं बेट उजळतं,
मग दूरचं दुसरं,
पैलतीरावरचा दिवा बघून
ऐलतीरावर कुणी दिवा लावावा तसं.

बाहेर एमायगी नदी गोठलेली.

मी आकडे उतरवते.
चौदाव्या खेपेला सुई बोथट निघाली.
ऊर्मासला काही लागलंच नाही,
हसलासुद्धा तो.
तिची बेटं मात्र पेटली ती पेटलीच.

आणि माझा हात,
पेन धरलेला,
टेबलाखाली कधी जाऊन लपला
याला तक्त्यात
रकाना नाही.