वास येतो का जी?

डाव्या बर्नरची ज्योत पिवळी पडली
की गंजाच्या बुडाला काजळी धरते,
पोळ्या डागाळतात,
आणि हॉस्टेलमधून फोन येतात.
तेवीस डबे आहेत माझे, नंदनवनच्या तीन गल्ल्यांत.
म्हणून मी देवचंद परात्यांना बोलावते.

पहिली शेगडी यांनी आणली होती सीताबर्डीवरून,
काळ्या काचेची. पाहुणे तिच्यात भांग नीट करायचे.
मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर,
ज्योत हलते म्हणून पंखा बंद.
मी वरण उतरवलं आणि घाईत
ओलं फडकं टाकलं तिच्यावर.
काच फुटली म्हणजे
तिचा साबुदाणा झाला.
वरणात, कणकेत, माझ्या केसांत.

दुसरीच्या वेळी एकटी गेले गांधीबागेत.
दुकानदार रंग दाखवत होता.
म्हटलं, उलटी करा.
पोटाखालची नळी चाचपली,
बर्नर पितळेचा की नुसता पिवळा, नखाने खरवडून पाहिला,
घरून नेलेलं दहा लिटरचं गंज वर ठेवलं
आणि दोन्ही हातांनी, अंगाच्या भाराने दाबलं.
पाय हलले नाहीत.
"शेगडी घेता का बैल, बाई?" तो म्हणाला.
मी दातही पाहिले असते.

पराते सायकलवर येतात, पाचपावलीहून.
थैलीत सुई, झिजलेला टूथब्रश,
तंबाखूच्या डबीत ग्रीस.
"काडी नका घालू भोकात, तुटून अंदर राह्यते.
सुईच घाला.
रात्री चिंचेच्या पाण्यात टाकून ठेवा बर्नर.
अन् दूध उतू गेलं का तेव्हाच पुसा,
उद्या ते दूध नसते, सिमेंट असते."
बटणाच्या दांडीला ग्रीस लावताना म्हणतात,
डोळ्यात काजळ घालतो, तेवढंच.

या वेळी नळीपाशी वाकले
आणि मला विचारलं,
"वास येतो का जी?"

मला वाटलं, परीक्षा घेतात माझी.
"मले येत नाही," ते म्हणाले.
"तापात गेला, तो आलाच नाही वापस.
कोणाले सांगू नका, बाप्पा. धंदा आहे."

म्हणून ती दाढीची वाटी.
ब्रशने साबणाचा फेस सांध्यावर लावायचा
आणि बुडबुडा फुगतो का, ते पाहत बसायचं,
विहिरीत पडलेल्या पोहऱ्याकडे पाहावं तसं.
तरी फेसावर सगळा भरवसा नाही टाकता येत.
मग त्या त्या घरची बाई.
इतवारीत एक, मानेवाड्यात दोघी,
गावभर त्यांची नाकं आहेत.

मी गुडघे टेकले.
रबर, फिनाइल, कालचा लसूण,
त्यांच्या सदऱ्याचा घाम.
"नाही येत."
"पक्कं?"
मी परत हुंगलं. या घरात मला
एकच गोष्ट दोनदा विचारून
कोणी माझ्या शब्दावर काडी ओढली नव्हती.

त्यांनी ओढली.
ज्योत उठली, जवसाच्या फुलासारखी निळी,
सगळीकडून सारखी.
ते डोळे बारीक करून बघत राहिले बराच वेळ.

दीडशे रुपये झाले. ताटात पाटोडी-रस्साही वाढला.
"तिखट समजते," घास घेत म्हणाले, "मीठ समजते.
बाकीचं तुमी सांगा."

मी सांगितलं. खसखस. लवंग चार.
खोबरं जरा जास्तच भाजलं गेलं, करपायच्या आधी उतरवलं.
दगडफूल.
ते डोळे मिटून चावत होते.
"दगडफूल," म्हणाले, "कसं असते ते?
परत सांगा."

कसं असतं?
जुन्या लाकडी पेटीसारखं, म्हटलं,
पेटी उन्हात ठेवलेली. नाही,
तसं नाही. थांबा.

हॉस्टेलचा फोन वाजत होता.
त्या दिवशी डबे पाऊण तास उशिरा गेले.