दोरीवरचा पाय

मालवणात, काजूच्या कारखान्याच्या माडीवर
आमची सहा टेबलं.
खाली बिया भाजतात, वर आम्ही
बर्फाच्या फॅक्टरीचं बिलिंग लिहितो :
कुठल्या होडीला किती लाद्या, उधारी किती,
वाटेत वितळलं ते कुणाच्या खाती.

दोन आठवड्यांचा स्प्रिंट. फळ्यावर अकरा चिठ्ठ्या,
पंख्याने उडतात म्हणून इनासने टाचण्या मारलेल्या.
रोज साडेनऊला उभ्या उभ्या बोलायचं :
काल काय, आज काय, अडलंय कुठं.
शमीम म्हणते, लाइट.
रोज लाइटच अडवते,
तरी आम्ही रोज लिहितो.

चौथ्या दिवशी शेठचा फोन :
"जाता जाता एवढं एक करा,
कोलंबीचा भावपण दिसूदे."
जाता जाता!
मी वहीत टिपलं, कुणाला बोलले नाही.
सहाव्या दिवशी त्यांचा भाचाच जिना चढून आला,
हातात जत्रेतला खाजा.
खाजा ठेवून घेतला.
भाच्याला गॅलरीतूनच वाटेला लावलं.

वाटलं, दार तर राखलं आपण.

आठव्या दिवशी फळ्यावर सात चिठ्ठ्या तशाच.
रोहिदासने कानातलं एकच बोंडुक काढलं.
"ताई, सकाळपासून नऊ वेळा विचारलंत."
काय?
"झालं का, म्हणून."

संध्याकाळी दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढत होते.
टाचा रुतवून दोन रांगा, मागे सरत, मागे सरत,
आणि एका रांगेच्या शेवटाला
बुधाजी खोबरेकर, आलेली दोरी
नुसती गुंडाळत बसलेला.
जाळ्यात काय आहे, मी विचारलं.
त्याने मानही वर केली नाही.
"अजून पाण्यात असा," म्हणाला.
मग जरा थांबून,
"तुमचो पाय दोरयेर असा."

काढला पाय.

नवव्या दिवशी माझं टेबल गॅलरीत नेलं.
शेठचा फोन माझ्याकडे, चहावाला माझ्याकडे,
भाजक्या टरफलांचा धूरही आधी माझ्याच डोळ्यांत.
आत कळफलकांची टकटक,
मधेच कुणाचं हसू, कशावर ते मला कळलं नाही.
कळून घ्यायलाही गेले नाही.

दहाव्या दिवशी दुपारी फळ्यावर दोन चिठ्ठ्या.
लाइट गेली. आली.
शमीमची खुर्ची करकरली,
सगळे तिच्या पडद्यापाशी गोळा झाले.
'झालं का' अगदी ओठांवर आलं माझ्या,
तेवढ्यात मी
खाज्याचा एक तुकडा तोंडात टाकला.