चौदाच्या शेजारी

मंगळवारी साडेसहाला, ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर
मी हीटर लावते आणि फळ्यावर
दोन शब्द लिहिते, तोंडवळा सारखा असलेले.
आज बॉरो आणि लेंड.
रासा म्हणते, ‘मिस, मला तुमचं पेन बॉरो करा ना.’
मी पेन देते. चूक नंतर सुधारते.
आठ तास कॉडचे काटे वेचून आलेल्या बाईला
आधी पेन द्यावं, मग व्याकरण.

तीस वर्षं मी गोदीवर लिलावाचे हिशेब लिहिले.
कॉड कुठला नि हॅडॉक कुठला, प्रश्नच नसायचा:
हॅडॉकच्या खांद्यावर काळा ठसा असतो,
कुणी अंगठा दाबल्यासारखा.
शब्दांच्या अंगावर तसं काही नसतं.
अलोन आणि लोनली बर्फावर शेजारी मांडले
तर दोघांचेही डोळे सारखेच उघडे.

शिलान म्हणाली,
‘अलोन म्हणजे खोलीत एक खुर्ची.
लोनली म्हणजे दोन.’
मी ते वहीत उतरवून घेतलं.

हसतोही आम्ही.
साहेब अंडर द वेदर आहेत असा निरोप आला
तेव्हा हीच शिलान त्यांच्या दारात छत्री घेऊन उभी होती.

आणि मागच्या बाकावर किफ्लोम,
जाकीट कधीच न काढणारा.
त्याला इवलेसे शब्द आवडायचे:
इन, ऑन, अॅट. खिशात मावतात म्हणायचा.
बाय मीच शिकवला त्याला, ऑक्टोबरात.
बाय द विंडो. बाय द डोअर. बाय द सी.
खिडकीला खेटून उभी राहिले मी आणि म्हटलं,
बाय म्हणजे शेजारी,
हाकेच्या अंतरावर.

मग त्याला पत्र आलं.
सगळी कागदपत्रं, बाय फोर्टीन्थ नोव्हेंबर.
त्याने भिंतीवर चौदा शोधली.
तिच्या शेजारी पंधरा,
तिला लागून सोळा.
सोळाला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून
तो हलच्या बसमध्ये बसला.

काउंटरवरच्या मुलीने तारखेवर बोट ठेवलं.
वाईट नव्हती ती. पाणी हवंय का, विचारलं.
‘पण मी शेजारीच आलोय,’ तो म्हणाला.

पुढच्या मंगळवारी त्याने पत्र माझ्यापुढे ठेवलं.
दोष देत नव्हता, नुसतं विचारत होता:
‘मिस, हा बाय कुठला?’

मी फळा पुसला. पुसलेला पुन्हा पुसला.
अंटिल म्हणजे तोवर चालत राहणं.
बाय म्हणजे तोवर पोचलेलं असणं.
तारखेला शेजार नसतो, किफ्लोम,
तिच्या अलीकडे जमीन, पलीकडे पाणी.
रासाने लिहून घेतलं, शिलानने लिहून घेतलं.
तो माझ्या हाताकडे बघत बसला.

वकील थर्कल म्हणतात, अपील करू, होप आहे.
होप आणि एक्स्पेक्ट यांतला फरक
माझ्या यादीत पुढच्या आठवड्यात होता.
मी तो पान उलटून मागे टाकला.

रात्री त्याला गाडीतून सोडायला निघाले.
दिव्यांच्या झोतात पाट्या येत होत्या नि तो मोठ्याने वाचत होता:
लेस-बाय. कील-बाय. ग्रिम्झ-बाय.
बी म्हणायचं असतं तिथे.
बी म्हणजे गाव; हजारेक वर्षांपूर्वी
होड्यांतून आलेल्या लोकांनी हा शब्द इथे ठेवला,
आणि त्यांनी काही चौदा तारीख गाठली नव्हती.
सांगणार होते मी हे. वायपर चालू होते,
राहून गेलं.

कोपऱ्यावर तो उतरला.
दार लोटता लोटता वाकून म्हणाला,
‘बाय, मिस.’

हा कुठला, ते मी विचारलं नाही.