खाली वजन

रात्री दोन-दहाला गाडी सायडिंगला लागते.
आधी वास येतो, मग इंजिनाचा दिवा.
एकवीस डबे. वर हिरवी ताडपत्री,
दोऱ्यांत अडकलेली कुणाच्या तरी लग्नाची झालर.
शहराचं नाव पावतीवर असतं.
आम्ही ते घेत नाही. फाटकवाला फोन करतो,
‘ताई, पाव्हणे निघाले निंभोऱ्याहून.’

याच फलाटावरून केळी जायची, दिल्लीकडे.
वॅगनीत पानांचा बिछाना,
हमाल अनवाणी चढायचे, घडाला खरचटू नये म्हणून.
माझा बाप त्यातला. केळीचा चीक
त्याच्या सदऱ्यावरून कधी गेला नाही,
आईनं दगडावर दगड झिजवला.
आता वॅगनीवर पोकलेन वाकतं.
त्याला कसलंच काही खरचटत नाही.

माझं काम काट्यावर.
ट्रक चढतो, थरथरतो,
आकडा जरा इकडेतिकडे करतो आणि थांबतो.
भरती वजन लिहिते.
ट्रक जातो सातपुड्याच्या पायथ्याला, सोळा किलोमीटर,
जिथली खडी संपली त्या खाणीत,
ओततो, उजाडता उजाडता परत येतो.
खाली वजन लिहिते.
वजा करते. उरतं ते शहराचं.
पांढरी पावती पालिकेला, गुलाबी कंपनीला,
पिवळी माझ्या खिळ्याला.

उखर्डू सोनवणेचा ट्रक नवा होता तेव्हा
खाली वजन नऊ हजार आठशे चाळीस.
दिवाळीला आठशे नव्वद.
आखाजीच्या आदल्या दिवशी
नऊ हजार नऊशे ऐंशी.

साक्रीकडचा माणूस. त्याच्या आधीची चार गेली,
म्हणून पाचव्याला सुपात घालून
उकिरड्यावर ठेवला, आणि आत्यानं
पसाभर बाजरी देऊन विकत घेतला.
मरणाला वाटावं, टाकलेलं आहे, याला कोण नेतो.
तेव्हापासून हे नाव. आधार कार्डावरसुद्धा.

तो उकिरडा मला कळतो.
आखाजीच्या आत तो वावरात जायचा, गाड्या गाड्या,
आणि पावसाळ्यानंतर ज्वारीच्या अंगानं वर यायचा.
खाणीतला वर येत नाही.
वाऱ्याच्या दिवसात नुसत्या पिशव्या येतात,
बाभळींना लागतात, लांबून
फुलोरा आल्यासारखं दिसतं.

मी म्हटलं, उखाभाऊ, पूर्ण ओतत नाही का?
‘बठ्ठं वती टाकस, ताई. फळी वाजाडीसन.’
मग हे एकशे चाळीस किलो कुणाचे?
तो टोपी काढून पुसत राहिला, टोपीच.
मग केबिनचं दार उघडलं.

सीटच्या मागे, पायाशी, टपाच्या जाळीत:
भिंतीवरची घड्याळं, सात की आठ, दोन चालू.
बाजाची पेटी, भाता फाटलेली.
शिवणयंत्राचं चाक. पाटा, वरवंट्याविना.
एका पायाचा बूट, पोराचा, दिवा असलेला,
ट्रक हलला की पेटतो.
विकणार होय?
‘नही वं.’
मग?
‘मी बी तठेच सापडनू ना, ताई.’

मागून हॉर्न वाजत होते, पाच ट्रक खोळंबलेले.
कंपनीचा माणूस सोमवारी येतो, रजिस्टर उलटं धरून वाचतो,
फरक दिसला की पगारातून कापतो.
नियमानं मला सामान उतरवून घ्यायला हवं होतं.
खाली म्हणजे खाली.

घड्याळांपैकी एकानं साडेसातचे ठोके दिले.
वाजले होते पाच-चाळीस.

मी नऊ हजार नऊशे ऐंशी लिहिलं, खरं होतं तेच.
पुढे शेऱ्याचा रकाना असतो,
सहा वर्षांत कधी भरला नव्हता.
त्यात लिहिलं: ड्रायव्हरसह.
पिवळी पावती खिळ्याला टोचली.
उखर्डूनं गिअर टाकला,
बूट पेटला, विझला, पेटला
वळणावर केळीच्या आड जाईपर्यंत.